कात्री सरळच चालली

खडूताईचं खरं नाव कारखान्यात कुणालाच आठवत नसे, आणि आठवून करायचं तरी काय होतं? सोफ्यांची आणि खुर्च्यांची कव्हरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापडावर खडूनं आखणी करायचं काम तिचं. घरी जाऊन हात धुतले तरी बोटांच्या चिरांमधून पांढरी पूड निघायची. नाव तिथूनच पडलं. लेकीच्या लग्नात कारखान्यातल्या बायका व्याह्यांना 'खडूताईची मुलगी' असंच सांगत होत्या, आणि पुढे व्याहीही तेच म्हणायला लागले.

कापणीच्या खोलीत रीत अशी, की खडू बायकांचा आणि कात्री पुरुषांची. ही रीत कुणी घालून दिली ते कुणालाच माहीत नव्हतं. ती मोडावी असंही कुणाला वाटत नव्हतं. ज्यांच्या हातात कात्री होती त्यांना तर मुळीच नाही. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे. सगळ्यात वरच्या थरावर बाईनं रेघा मारायच्या: पाठ इथे, बैठक इथे, हाताचं कव्हर त्या कोपऱ्यात. मग विजेची कात्री घेऊन पुरुषानं त्या रेघांवरून जायचं, की खालचे सगळे थर एकदम कापले जायचे. कापड वाचायचं ते आखणीत. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याच्या कुशीत बसवायचा, ही सगळी डोकेफोड खडूची. कात्रीनं फक्त रेघ सोडायची नाही. पण कात्रीवाल्याला म्हणायचं कटर, कटरांमधल्या मोठ्याला म्हणायचं मास्तर, आणि खडूवाली जन्मभर मदतनीस. म्हणजे स्वयंपाक करणारीला वाढपी म्हणायचं आणि ताट उचलणाऱ्याला आचारी, तसला प्रकार.

म्हातारे मास्तर निवृत्त होणार असं ठरलं, तेव्हा खडूताईच्या मनानं घेतलं की आता ती जागा आपली. नवरा गेल्यावर लेकीला वाढवायला म्हणून ती या खोलीत शिरली होती, ती मदतनीस म्हणून. जाताना तरी मास्तर म्हणून जावं, एवढीच तिची हाव होती. आणि ती काही हवेत इमले बांधत नव्हती. गेली काही वर्षं मास्तरांचे हात थरथरत होते. जेवणाची सुट्टी झाली, सगळे डबे घेऊन बाहेर पडले, की मास्तर दार लोटून घ्यायचे आणि अवघड कापणी खडूताईच्या हातात द्यायचे. बाईला कात्री पेलत नाही, झटका बसेल, पदर अडकेल, असं मॅनेजर ज्या कात्रीबद्दल सांगायचा, तीच कात्री ती गुमान चालवायची. पदर खोचला की अडकत नाही, हे मॅनेजरला कुणी सांगावं? सुट्टी संपायच्या आत ती पुन्हा खडू घेऊन उभी आणि मास्तर कात्री पुसत उभे. तेव्हा मास्तर म्हणायचे, "मी जाईन तेव्हा तुझंच नाव सांगून जाईन."

मास्तर गेले, आणि जाताना नाव सांगून गेले खडूताईच्या जावयाचं.

जावई त्याच खोलीतला. पोरसवदा असताना कापडाच्या गाठी उचलायला आला होता, तेव्हा तिनंच त्याला कापड ओळखायला शिकवलं, तिनंच मास्तरांना सांगून कात्रीवर घ्यायला लावलं. मुलगा निर्व्यसनी, उलटून न बोलणारा, म्हणून लेकही तिनंच दिली. लग्नाआधी ती त्याला 'अरे' म्हणायची, लग्नानंतर 'अहो' म्हणायला लागली आणि तो तिला आई म्हणायला लागला. त्यात काही खोट नव्हती. तो वाईट नव्हताच, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती.

मॅनेजरनं खोलीत येऊन बातमी दिली आणि सगळ्यांना चहा सांगितला. बायका खडूताईच्या भोवती जमल्या, सासूबाई आता तुमची मज्जा म्हणाल्या. मॅनेजर म्हणाला, ताई, घरचंच माणूस आहे, म्हणजे पद घरातच राहिलं की. एवढं बोलून तो स्वतःवरच खूश झाला. खडूताई हसली. न हसून करते काय? जावयाला मान मिळाला आणि सासूनं तोंड वाकडं केलं, तर लोक सासूलाच नावं ठेवणार. आपलेच दात, आपलेच ओठ. चहा तिनं मोरीत ओतला आणि कप विसळून ठेवला.

मास्तरांच्या घरी जाऊन तिनं एवढंच विचारलं, की असं का केलंत. म्हाताऱ्यानं आधी मॅनेजरवर ढकललं, मग रीतीवर ढकललं, आणि शेवटी मान खाली घालून खरं सांगितलं. "तुझं नाव घेतलं असतं तर बाईनं कात्री कधी धरली ते विचारलं असतं. मग माझ्या हातांचा विषय निघाला असता. जाता जाता मला ती शोभा नको होती." तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर एकमेकांना धरून बसले होते. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

पुढे महिन्याभरात मुख्य कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या. कामाच्या जागी भेदभाव कसा ओळखावा, यावर त्या बोलणार होत्या. शिवणकामाची यंत्रं थांबवून सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. बाई साध्या होत्या, आवाज गोड होता. पडद्यावर चित्रं दाखवत त्या समजावत होत्या: एकाच कामाला दोन नावं देऊन एकाला वर आणि एकाला खाली ठेवणं, हाही भेदभाव, तू बाई आहेस म्हणून हे यंत्र तुझं नाही असं म्हणणं, हाही भेदभाव. खडूताईला वाटलं, कुणीतरी आपल्या खोलीत शिरून सगळं बघून गेलंय. इतकी वर्षं ज्याला ती आपलं नशीब समजत होती, त्याला नाव होतं तर. बाईंनी विचारलं, इथे कुणाला असा अनुभव आहे का. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. खडूताईनं हात वर केला. वर केलेल्या हातावर खडू लागलेला होता, तो सगळ्यांना दिसला. बाईंनी तिला दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत यायला सांगितलं.

संध्याकाळी लेक घरी आली. बातमी तिच्याआधी तिच्या घरी पोचली होती. ती आली तीच रडवेली, चपला न काढताच बोलायला लागली. नवऱ्याचं नुकतं कुठे नीट बसतंय, हप्त्यावर घर घेतलंय, आणि आता आपल्याच आईनं तक्रार केली म्हणून चारचौघांत त्यांची मान खाली. खडूताईनं तिला पाणी दिलं. तक्रार जावयाविरुद्ध नाही, रीतीविरुद्ध आहे, असं ती परोपरीनं सांगत होती. लेकीनं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"रीतीला कुणी घरी पाठवत नाही आई. घरी यांना पाठवतील."

"आणि माझं काय?"

"तुझं काय व्हायचं राहिलंय आता?" लेक म्हणाली. म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली असावी, कारण उठून ती आईचा ओटा पुसायला लागली, जो स्वच्छच होता.

लेकीच्या तोंडून आलं म्हणून ते शब्द जास्त लागले. परक्यानं बोललं असतं तर चार दिवसांत विसरली असती. पण खडूताई मुळात हट्टी. रात्रीत तिचा निश्चय डळमळला नाही, उलट घट्ट झाला.

मॅनेजरच्या खोलीत बाईंनी तिचं सगळं शांतपणे ऐकलं. ती नीट बोलली, न अडखळता बोलली. आखणी कोण करतं, कापड कोण वाचवतं, जेवणाच्या सुट्टीत कात्री कोण चालवत होतं. कात्रीचं ऐकून मॅनेजर दचकला आणि म्हणाला, हे मला पहिल्यांदाच कळतंय. म्हाताऱ्या मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, छे, असं कधी झालं नाही. मग जावयाला आत बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला, सासूकडे न बघता. बाईंनी विचारलं, आखणी कोण करतं?

"आई मदत करतात," तो म्हणाला.

खोटं म्हणावं तर नाही. तिचा हुद्दा मदतनीस असाच लिहिलेला होता. खडूताईला वाटलं, याला मी कापडाची उभी-आडवी वीण शिकवली, एवढं एक वाक्य शिकवायचं राहिलं. बाईंचा चेहरा मात्र एकदम मऊ झाला. त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही दोघं सासू-जावई? मॅनेजरनं संधी साधली. घरगुती धुसफूस आहे हो बाई, असं म्हणून त्यानं हात झटकले. त्याच्या दृष्टीनं सुंठीवाचून खोकला गेला होता.

"यांच्या जागी दुसरा कुणी असता, तरी मी हेच म्हटलं असतं," खडूताई म्हणाली.

"पण दुसरा कुणी नाहीये ना," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

झालं. जिथे बाई म्हणून अन्याय झाला असं म्हणायला गेली, तिथून सासू होऊन बाहेर आली. आणि सासूचं कधी कुणी खरं मानलंय? बाईंनी जाताना एक सूचना केली, कारण काहीतरी केल्याशिवाय त्यांनाही परत जाता येत नसावं. कामाची वाटणी स्पष्ट असावी, म्हणाल्या. आखणी आणि कापणी, दोन्हींची जबाबदारी नव्या मास्तरांची; ते सांगतील तेवढी मदत ताईंनी करावी, म्हणजे घरात ताण येणार नाही. मॅनेजरनं हे खोलीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी निदान खडू तरी तिचा होता.

ठीक आहे, खडूताईनं मनाशी म्हटलं. सांगतील तेवढीच मदत. ती टेबलाच्या टोकाला स्टूल घेऊन बसली आणि खडू तिनं टेबलाच्या मधोमध ठेवून दिला.

साध्या कापडांचे दिवस कसेबसे निभले. जावयाच्या डोक्यात तिच्या जुन्या आखण्या होत्या, त्यांवर त्यानं वेळ मारून नेली. मग एका मोठ्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं: लाल मखमल, खुर्चीच्या पाठीची कव्हरं. पाठ खाली रुंद, वर निमुळती. सुती कापड असतं तर सोपं होतं. एक तुकडा सुलटा आणि शेजारचा उलटा लावला, की दोन्ही एकमेकांत चपखल बसतात आणि कापड वाया जात नाही. खडूताईची ही जुनी युक्ती. पण मखमलीला लव असते. एका दिशेनं हात फिरवला तर ती झोपते आणि रंग फिका दिसतो, उलट फिरवला तर उभी राहते आणि गडद दिसतो. म्हणून मखमलीचे सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे, कापड कितीही वाया गेलं तरी.

जावयानं खडू उचलला. खोलीतले बाकीचे कटर बघत होते, नवा मास्तर मोठं काम कसं आखतो ते. त्यानं एक पाठ सुलटी आखली, मग शेजारी उलटी, मग पुन्हा सुलटी. रेघा सुरेख होत्या. खडूताई स्टुलावरून बघत होती. तिच्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. जावयानं एकदा वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, विचारावं की नाही असा एक क्षण त्याच्या तोंडावर दिसला. मग त्यानं भोवतीच्या कटरांकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली.

ती बोलली नाही. आपण सांगितलं तर ती 'मदत', आणि नाही सांगितलं तर आपण नुसती बसलेली म्हातारी. एकदा तरी या खोलीला दिसू दे, की आखणी म्हणजे काय आणि ती कुणाची होती. एवढं कापड गेलं तर जाऊ दे. इतकी वर्षं तिनं वाचवलेल्या कापडानं असल्या दहा खोल्यांना पडदे लागले असते, त्याचं कुणी कौतुक केलं होतं का? तिला हे असं वाटलं, आणि वाटलं याची तिला तेव्हा तरी लाज वाटली नाही. जावयानं कात्री सुरू केली आणि सगळे थर एकदम कापले गेले.

चूक उघडी पडली ती शिवून झालेली कव्हरं खुर्च्यांच्या सांगाड्यांवर चढवून रांगेत मांडली तेव्हा. एक पाठ फिकी, एक गडद, एक फिकी, एक गडद. मॅनेजर रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि तसाच पाय आपटत कापणीच्या खोलीत आला. हातात दोन कव्हरं होती. ती त्यानं टेबलावर टाकली आणि कडेवरून बोट फिरवलं.

"कात्री तर सरळच चाललीय," तो म्हणाला. "हा घोळ आखणीतला आहे. खडू कुणाचा?"

आणि विचारताना तो बघत होता खडूताईकडे. त्याला दुसरीकडे बघायचं सुचलंच नाही. बाईंची सूचना ज्यानं सगळ्यांसमोर वाचली होती, त्यालाच ती आठवत नव्हती. खडू बायकांचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

खडूताई उभी राहिली. "खडू त्या दिवशी माझ्या हातात नव्हता," ती म्हणाली.

मॅनेजरनं खोलीभर पाहिलं. कटर आपापल्या कात्र्या पुसायला लागले. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, त्यांनाच पुसायला जास्त वेळ लागला. दाराशी शिवणकामाच्या बायका जमल्या होत्या, त्यांनीही पाय मागे घेतला. उरला जावई. तो टेबलापाशी उभा होता. चेहरा त्या फिक्या कव्हरासारखा झाला होता. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते खडूताईला वाचता येत होतं: घर, हप्ते, बायको, पद. ती वाट बघत राहिली. पोटच्या पोरासारखं वाढवलंय, बोलेल.

तो बोलला. "आखणीचं सगळं काम पहिल्यापासून आईच बघतात, साहेब. मी फक्त कापतो."

हेच. अगदी हेच वाक्य तिला त्या बाईंसमोर हवं होतं. ते आलं, पूर्ण आलं, सगळ्यांसमोर आलं, आणि कुणीही त्यावर शंका घेतली नाही. तिच्या कामाची पहिली कबुली ही अशी मिळाली. तिला हसू फुटलं. मॅनेजरला ते उद्धटपणाचं वाटलं, आणि मग तो जे बोलायला लागला ते चांगला वेळ बोलत राहिला. वय झालं, डोळे गेले, जावयाची जागा डोळ्यांत खुपते म्हणून मुद्दाम केलं असेल, मास्तर बिचारा सज्जन म्हणून झाकत होता. शेवटी त्यानं तिला कव्हरांच्या घड्या घालायच्या विभागात पाठवलं. आणि जाता जाता म्हणाला, नवी मदतनीस मिळेपर्यंत सकाळी येऊन आखणी तेवढी करून देत जा.

जावई दारापर्यंत तिच्या मागून आला. आई, अशी हाक त्यानं मारली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागावणं सोपं होतं, पण त्याच्या हाताला लागलेला खडू तिला दिसला. त्यानं तो झटकायचा प्रयत्न केला होता आणि तो विजारीला लागला होता. "पँट झटका," ती म्हणाली आणि निघाली.

घरी पोचून तिनं हात धुतले, दिवा लावला, पातेलं चुलीवर चढवलं आणि नुसतीच समोर बसून राहिली. फोन वाजला. लेक होती. धापा टाकत बोलत होती, कुणाकडून तरी अर्धंमुर्धं ऐकलं होतं. मखमलीचं काहीतरी बिघडलं, साहेब खूप तापले, असं.

"आई, यांना काही बोलले नाहीत ना?"

"नाही," खडूताई म्हणाली. "मला बोलले. मला तिथून काढलं."

पलीकडे लेकीनं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. तो खडूताईला स्पष्ट ऐकू आला.

"बरं झालं बाई," लेक म्हणाली. "माझा तर जीवच गेला होता."